दाढ निघाली, गोळ्या उरल्या

अक्कलदाढ काढली किंवा रूट कॅनल केलं की दवाखान्यातून येताना सोबत मेडिकलची कागदी पिशवी येते. तिच्यात अँटिबायोटिक असतं, अ‍ॅसिडिटीची गोळी असते, गुळण्यांचं औषध असतं आणि दुखण्यावरची गोळी असते. तीन दिवसांत सूज उतरते, पाचव्या दिवशी भाकरी चावता येते आणि दुखण्याच्या गोळ्यांची अर्धी पट्टी तशीच राहते. ती फ्रिजवरच्या डब्यात जाते, टीव्हीखालच्या खणात जाते, नाहीतर अम्मीच्या पर्समध्ये. तिथून पुढे ती कुणाच्या तोंडात जाईल, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

विषय छोटा वाटेल. इथे आपण शिष्यवृत्तीवर बोलतो, कौटुंबिक कायद्यावर बोलतो, भाड्याने घर न मिळण्यावर बोलतो. त्यात या अर्ध्या पट्टीचं काय? पण तिच्यात घरातल्या म्हाताऱ्यांची किडनी आहे, शेजारचं लहान मूल आहे, आपला कचरा हाताने वेगळा करणारी बाई आहे आणि महापालिकेने न केलेलं एक काम आहे. एवढं सगळं एका खणात मावत असेल, तर त्यावर बोललं पाहिजे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. डॉक्टरांनी एका माणसाला एका दुखण्यासाठी लिहून दिलेली गोळी त्या दुखण्याबरोबर संपली पाहिजे. ती साठवायची नाही, वाटायची नाही आणि कुणाच्याही हाती लागेल अशी फेकायचीही नाही. ती नीट संपवण्याची सोय करून देणं हे स्थानिक प्रशासनाचं काम आहे आणि ते आपण मागून घेतलं पाहिजे.

गोळ्या उरतातच का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक गोष्ट लवकर कळते : फॉर्ममध्ये जो आकडा आधीच भरलेला असतो, तो बहुतेक लोक बदलत नाहीत. औषधांच्या चिठ्ठीचंही तसंच होतं. ‘दिवसातून दोन, पाच दिवस’ हे जणू ठरूनच गेलेलं आहे. पाच दुणे दहा, आणि पट्टीही बहुधा दहाची. दात काढल्यानंतरचं दुखणं मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त असतं आणि मग उतरत जातं. त्यामुळे दहापैकी चार-पाच गोळ्या उरणं ही पेशंटची चूक नाही आणि डॉक्टरांचा हलगर्जीपणाही नाही. रात्री अकरा वाजता ठणका लागला तर पेशंटने कुठे जायचं, या काळजीपोटीच दोन गोळ्या जास्त लिहिल्या जातात.

हे सगळीकडे होतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दात काढलेल्या रुग्णांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या रुग्णांना सरासरी २८ अफूवर्गीय गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि तीन आठवड्यांनी त्यातल्या सरासरी १५ शिल्लक होत्या. घराघरांत पडून राहिलेल्या अशा गोळ्यांची त्या देशाने मोठी किंमत मोजली. आज तिथली दंतवैद्यांची संघटना दातदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारखी गोळी, एकटी किंवा पॅरासिटामॉलबरोबर, हाच पहिला उपाय सांगते. आपल्याकडचे बहुतेक दाताचे डॉक्टर आधीपासूनच या साध्या गटातल्या गोळ्या देतात : आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक. अफूवर्गातलं ट्रामाडोल एखाद्या अवघड शस्त्रक्रियेनंतर दिलं जातं. तेव्हा आपल्या खणातली उरलेली पट्टी बहुधा पहिल्या गटातली असते, क्वचित दुसऱ्या. दोघांचे धोके वेगळे आहेत आणि त्या संपवायच्या पद्धतीही वेगळ्या आहेत.

गोळ्या उरू न देण्याचं काम डॉक्टरांच्या टेबलावरच सुरू करता येतं. तीन प्रश्न विचारा. ‘डॉक्टर, यातली दुखण्याची गोळी कोणती? ती रोज घ्यायची की दुखलं तरच? आधी तीन दिवसांच्याच घेतल्या तर चालेल का?’ चांगले डॉक्टर अशा प्रश्नांवर रागावत नाहीत. मेडिकलमध्येही ‘पूर्ण पट्टी नको, सहा द्या’ असं सांगता येतं. मात्र पट्टी कापण्याआधी तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव राहतं आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर जाते, हे प्रत्येकाने पाहिलेलं आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला. तो स्कॅन केला की बॅच नंबर आणि मुदत कळते. पण ज्या भागावर तो कोड छापलेला आहे तो भागच दुकानात राहिला, तर स्कॅन काय करणार?

एक सावधगिरी. वरचं सगळं दुखण्याच्या गोळीबद्दल आहे. अँटिबायोटिक किती दिवस घ्यायचं ते डॉक्टर ठरवतात. दुखायचं थांबलं म्हणून ते आपल्या मनाने बंद करायचं नाही. पिशवीतल्या सगळ्या गोळ्यांना एकच नियम लावू नका.

देणं आणि देण्यातला धोका

आपल्या घरांत वस्तू वाया घालवणं वाईट मानतात. ताटात अन्न टाकलं की आजी ओरडते, जुने कपडे कुणाला तरी दिले जातात, पुस्तकं धाकट्या भावंडांकडे जातात. हे संस्कार मला मोलाचे वाटतात. पण तेच गणित गोळ्यांना लावलं की गडबड होते. शेजारच्या खाला गुडघा धरून बसलेल्या असतात आणि आपण आपुलकीने म्हणतो, ‘खाला, ही घ्या, माझ्या दाढेला एका तासात आराम पडला होता.’

खालांना बीपी असेल तर? या गटातल्या गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो आणि बीपीच्या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. किडनी आधीच अशक्त असेल तर ती आणखी बिघडू शकते. पोटात अल्सर असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी सुरू असेल तर आतून रक्तस्राव होऊ शकतो. हृदयविकाराच्या पेशंटला डायक्लोफेनॅक जपूनच द्यावं लागतं. काही दमेकऱ्यांना या गोळ्यांनी दम्याचा झटका येतो. गरोदरपणात, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घ्यायच्याच नाहीत. केटोरोलॅक तर धडधाकट माणसालाही पाच दिवसांपेक्षा जास्त देत नाहीत. तुमच्या दाढेच्या चिठ्ठीत डॉक्टरांनी तुमचं वय आणि तुमचे आजार पाहिलेले असतात. खालांचे पाहिलेले नसतात.

पावसाळ्यात धोका आणखी वाढतो. अब्बूंना ताप भरतो, अंग मोडून येतं, आणि खणातली दाढेची गोळी बाहेर निघते. तो ताप डेंग्यूचा असेल तर याच गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून डेंग्यूची शंका असताना डॉक्टर फक्त पॅरासिटामॉल देतात. तिथेही एक मेख आहे. दुखण्याच्या कितीतरी गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. तापाची गोळी वेगळी आणि दुखण्याची वेगळी, असं समजून माणूस एकच औषध दुप्पट घेतो. निरोगी प्रौढ माणसासाठीही दिवसाला ४ ग्रॅम ही त्याची वरची मर्यादा आहे. त्यापुढे यकृताला इजा होऊ शकते.

रमजानमध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने होतं. रोज्यात डोकं दुखतं म्हणून काही जण सहरीलाच घरात असलेली एखादी दुखण्याची गोळी घेऊन ठेवतात. पुढे दिवसभर पाणी नाही. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या किडनीवर जास्त ताण टाकतात. ज्यांना असा त्रास दरवर्षी होतो, त्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. खणाला विचारू नये.

आता थोडं नाजूक. आपल्या बऱ्याच मोहल्ल्यांत मशिदीत, ट्रस्टच्या ऑफिसात किंवा एखाद्या तरुण मंडळाकडे उरलेली औषधं गोळा करण्याचा डबा असतो. हेतू नेक आहे. ज्यांना औषध परवडत नाही त्यांना ते मिळावं, यात वाईट काय? पण तो डबा एकदा उघडून पाहा. कापलेल्या पट्ट्या, मुदत न दिसणाऱ्या गोळ्या, गाडीच्या डिकीत महिनाभर तापलेलं औषध. कायद्याने औषध साठवायला आणि वाटायलाही परवाना लागतो आणि तो नियम उगाच केलेला नाही. गरिबाला फुकट मिळतंय म्हणून त्याने तपासणी न झालेली गोळी घ्यावी, असं आपण म्हणू शकत नाही. सदका देताना आपल्याला नकोशी झालेली वस्तू द्यायची नसते, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. ती औषधालाही लागू आहे.

माझं मत असं आहे : अख्खी, न कापलेली, मुदत दिसणारी औषधं फक्त परवाना आणि फार्मासिस्ट असलेल्या धर्मादाय दवाखान्यालाच विचारून द्यावीत. दुखण्याच्या आणि झोपेच्या गोळ्या कुठल्याही दानपेटीत टाकूच नयेत. गरजूला मदत करायची असेल तर त्याच्या चिठ्ठीवरचं औषध जनऔषधी केंद्रातून नवं घेऊन द्या. जेनेरिक औषध तिथे ब्रँडच्या तुलनेत खूप स्वस्त मिळतं.

ट्रामाडोल असेल तर

पट्टीच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. ब्रँडचं नाव काहीही असो, त्या बारीक ओळीत ट्रामाडोल किंवा टॅपेंटाडोल लिहिलेलं असेल तर ती पट्टी वेगळी काढा. ही अफूवर्गातली औषधं आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगाची आहेत, पण सवय लावणारी आहेत. जास्त झाली, किंवा दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतली, तर श्वास मंदावू शकतो. ट्रामाडोलने फिटही येऊ शकते. लहान मुलाने एक-दोन गोळ्या गिळल्या तरी जिवावर बेतू शकतं. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रामाडोल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं ते याच कारणाने.

गोळीची नशा आपल्यापासून लांब आहे, असं कुणी समजू नये. मालेगावात अल्प्राझोलाम या झोपेच्या-चिंतेच्या गोळीला ‘कुत्ता गोळी’ हे नाव पडलं आणि त्या शहरातल्या कितीतरी आयांनी ते नाव रडत उच्चारलं आहे. एम्सच्या राष्ट्रीय केंद्राने २०१९ मध्ये दिलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात वेदनाशामक म्हणून बनलेल्या अफूवर्गीय औषधांचं सेवन करणाऱ्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे १ टक्का निघालं. हा बाजार मुख्यतः बेकायदा विक्रीवर चालतो, तुमच्या खणातल्या चार गोळ्यांवर नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. पण परीक्षेच्या ताणातल्या किंवा मोडलेल्या मनाच्या एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाला पहिली गोळी घरातच, फुकट आणि कुणाच्या नकळत मिळू शकते. विक्रेत्याला पकडणं पोलिसांच्या हातात आहे, खण रिकामा करणं आपल्या. घरात कुणी आधीच अडकलं असेल तर लपवू नका. व्यसनमुक्तीसाठीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे आणि ती निःशुल्क आहे.

कोकणातल्या आणि एकूणच आखाती देशांशी नातं असलेल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. भाऊ दुबईला परत निघतो, अम्मी बॅगेत लोणचं, मसाला आणि ‘असू दे’ म्हणून दुखण्याच्या गोळ्या भरते. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडोल आणि कोडीन नियंत्रित औषधांत मोडतात. ती नेण्याआधी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी घ्यावी लागते आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागते. कापलेल्या पट्टीबरोबर यातलं काहीच नसतं. विमानतळावर ‘ही माझ्या भावाच्या दाढेची गोळी होती’ हे स्पष्टीकरण चालत नाही. बॅग भरताना हे बघणं घरातल्या शिकलेल्या मुलामुलींचं काम आहे.

घरी काय करायचं

सोय असेल तिथे औषध परत घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्यावं, हा सगळ्यात चांगला मार्ग. आपल्या बहुतेक गावांत ती सोय नाही. ती येईपर्यंत हे करता येईल :

१. दुखणं थांबल्यावर आठवड्याभरात पिशवी पुन्हा उघडा. डॉक्टरांनी पुढच्या भेटीसाठी राखून ठेवायला सांगितलेलं काही नसेल, तर उरलेल्या दुखण्याच्या गोळ्या बाजूला काढा. तोवर त्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच, बंद जागी ठेवा. आपल्याकडच्या पट्ट्यांना मुलांपासून बचाव करणारं झाकण नसतं. अंगठ्याने दाबलं की गोळी बाहेर येते.

२. साध्या गटातल्या गोळ्या (आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल वगैरे) संडासात किंवा मोरीत टाकू नका. त्या पट्टीतून काढा आणि वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत मिसळा. कुटायची गरज नाही. ते मिश्रण जाड पिशवीत घट्ट बंद करा आणि वर मोठ्या अक्षरात ‘टाकाऊ औषध’ लिहा. चहापत्तीत मिसळलेली गोळी कुणी उचलून खात नाही आणि कुणाला परत विकताही येत नाही.

३. ट्रामाडोल, टॅपेंटाडोल असेल तर नियम उलटा आहे. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये १७ औषधांची यादी दिली आहे. कुणाच्या हाती चुकून लागली तर जीवघेणी ठरू शकतात अशी ही औषधं परत देण्याची सोय नसेल तर संडासात टाकून पाणी सोडावं, असं त्या सूचना सांगतात. ही दोन्ही नावं त्या यादीत आहेत. चार गोळ्या पाण्यात गेल्याने होणारं नुकसान एका मुलाच्या जिवापेक्षा लहान आहे, हा त्यामागचा हिशेब.

४. रिकाम्या पट्टीवरचं नाव आणि बॅच नंबर कात्रीने कापून टाका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं आपलं नाव, फोन नंबर खोडा.

५. गोळ्या जाळू नका. प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा धूर तुमच्याच फुप्फुसात जातो.

‘एवढ्याशा गोळ्यांनी नदीचं काय बिघडणार?’ असं कुणी विचारेल. सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प औषधांचे अंश पूर्णपणे काढू शकत नाहीत, आणि आपल्याकडे तर पुष्कळसं सांडपाणी थेट नाल्यातच जातं. डायक्लोफेनॅकने काय होऊ शकतं हे आपल्या देशाने पाहिलं आहे. गुरांना हे औषध दिलं जायचं, मेलेली गुरं गिधाडं खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. काही वर्षांत देशातली बहुतांश गिधाडं संपली आणि २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तो मार्ग वेगळा होता. पण माणसाच्या दुखण्यावरची साधी गोळी आपल्या हातातून सुटली म्हणजे नाहीशी झाली, असं होत नाही.

काउंटरवर संपणारं रजिस्टर

माझी खालची अक्कलदाढ काढली तेव्हा दहा गोळ्या लिहून मिळाल्या होत्या, पाच लागल्या. उरलेल्या पाच घेऊन मी जिथून त्या घेतल्या होत्या त्या मेडिकलमध्ये गेलो. कापलेली पट्टी परत घेत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं. माझ्या घरात ती कशी ठेवली होती हे त्यांना कसं कळणार? मी म्हटलं, पैसे नकोत, फक्त नष्ट करा. त्यालाही त्यांच्याकडे काही व्यवस्था नव्हती. मग वॉर्ड ऑफिसात विचारलं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलो आणि शेवटी उत्तर मिळालं : ‘सुक्या कचऱ्यात टाका ना साहेब.’

गंमत बघा. ट्रामाडोल आणि अल्प्राझोलाम ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. मेडिकलवाल्याला डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. म्हणजे गोळी काउंटरपर्यंत येईतोवर तिची पूर्ण नोंद असते. काउंटर ओलांडला की नोंद संपली. आमच्या धंद्यात एखादी यंत्रणा अशी बांधली तर तिला कुणी अर्धवटच म्हणेल.

कायदा मात्र तोकडा नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मुदत संपलेली औषधं ‘घरगुती घातक कचरा’ ठरवली, ओल्या आणि सुक्या कचऱ्यापासून वेगळी. तो जमा करण्यासाठी शहरात दर २० चौरस किलोमीटरला किमान एक केंद्र उभारण्याची जबाबदारी त्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली. २०२६ च्या नव्या नियमांतही औषधं ‘विशेष काळजीचा कचरा’ म्हणून स्वतंत्र ठेवली आहेत. तुमच्या शहराचं क्षेत्रफळ काढा, २० ने भागा आणि तेवढी केंद्रं तुम्ही कधी पाहिलीत का ते आठवा.

होऊ शकतं हे दाखवणारी उदाहरणंही आहेत. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२५ मध्ये कोझिकोडमधून घरातली उरलेली औषधं गोळा करून शास्त्रीय पद्धतीने जाळण्याचा उपक्रम सुरू केला. मुंबई महापालिकेनेही २०२५ मध्ये सॅनिटरी पॅड, डायपर आणि मुदत संपलेली औषधं असा कचरा वेगळा उचलण्याची सेवा सुरू केली. पाऊल चांगलं आहे. पण त्यासाठी सोसायटीने किंवा संस्थेने नोंदणी करावी लागते. ज्या वस्तीत सोसायटीच नाही तिथे नोंदणी कुणी करायची? १९२७ पासून अनेक दशकं मुंबईचा कचरा देवनारला जात राहिला. त्याच्या भोवतीच्या गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीत आपल्यातली हजारो कुटुंबं राहतात. शहरातल्या खणांतून निघालेल्या गोळ्या वर्षानुवर्षं त्यांच्या दाराशी येत राहिल्या आणि वेगळ्या कचऱ्याची सेवा मात्र त्यांच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचते.

आपण कचरा ज्यांच्या हाती देतो त्यांचाही विचार करा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ‘रेड डॉट’ मोहीम चालवली. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढीच मागणी होती, म्हणजे वेगळं करणाऱ्या बाईचा हात त्यात जाणार नाही. औषधाच्या पिशवीवर दोन शब्द लिहिणं त्याहून अवघड नाही.

मग आपण, या चळवळीतली तरुण मुलंमुली, काय करू शकतो? मला तीन कामं दिसतात.

पहिलं काम घरातलं. औषधांचा डबा सांभाळणं हे अम्मीचं किंवा भाभीचं काम, असं समजून आपण मोकळे होतो. पट्टीवरचं सगळं इंग्रजीत असतं आणि त्या बिचाऱ्या गोळीला तिच्या रंगावरून ओळखतात : ‘पिवळी तापाची, गुलाबी दुखण्याची.’ ज्याला ती बारीक ओळ वाचता येते त्याने महिन्यातून एकदा डबा घेऊन त्यांच्या शेजारी बसावं. कोणती कशाची, कुणाची आणि कधीपर्यंतची, हे मराठीत किंवा उर्दूत चिकटपट्टीवर लिहून लावावं.

दुसरं काम मोहल्ल्यातलं. औषधांचा दानडबा असेल तर तो चालवणाऱ्यांशी अदबीने बोला. त्यांना आरोपी करू नका. त्यांच्या जागी एखादा फार्मासिस्ट जोडून द्या. आपल्यात बी.फार्म. झालेले कितीतरी तरुण आहेत. आठवड्यातला एक तास त्यांनी दिला तर डब्यातलं काय ठेवायचं आणि काय नष्ट करायचं ते ठरेल, आणि पुढे दुखण्याच्या गोळ्या घेणंच बंद करता येईल.

तिसरं काम वॉर्ड ऑफिसातलं. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चार प्रश्न पुरेत. आपल्या प्रभागात घरगुती घातक कचरा जमा करण्याची केंद्रं कुठे आहेत? नसतील तर नियमाप्रमाणे किती हवीत आणि कधी होणार? घंटागाडीत या कचऱ्यासाठी वेगळा डबा आहे का? जमा झालेली औषधं कुठे नष्ट केली जातात? उत्तर हातात आलं की नगरसेवकाकडे जा आणि शहरातल्या केमिस्ट संघटनेकडे जा. औषध परत घेण्याची केंद्रं राज्यांच्या औषध विभागांनी आणि केमिस्ट संघटनांनी मिळून सुरू करावीत, असं २०२५ च्या त्याच सूचना सांगतात. मोठ्या मेडिकलच्या दारात एक कुलूपबंद पेटी आणि महिन्यातून एकदा ती नेणारी गाडी, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते.

या मागणीत हिंदू-मुसलमान असं काही नाही आणि म्हणूनच मला ती महत्त्वाची वाटते. दाढ सगळ्यांचीच दुखते आणि पट्टी सगळ्यांच्याच खणात उरते. आपल्या मोहल्ल्यातून असा अर्ज गेला आणि पेटी अख्ख्या प्रभागासाठी लागली, तर शेजारच्या चाळीतली माणसंही तिच्यात आपल्या गोळ्या टाकतील. या रविवारी खण उघडा, पट्ट्या वेगळ्या काढा, आणि अर्जाचा कागद त्याच बैठकीत लिहून टाका.